चौथ्या भागाचं मौन

नियम माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण अंबरीश आणि कश्मिरा हल्ली “नियम आपल्या सगळ्यांचा होता” असं म्हणायला लागलेत, आणि ते केवळ मला बरं वाटावं म्हणून म्हणतात हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. नियम करायची खोड माझीच. घरात फ्रिजवर कागद चिकटवणारी मी, ऑफिसात चहाच्या पाळ्या लावणारी मी, आणि आमच्या चौघांच्या ‘तमोहर’ ग्रुपची ॲडमिनही मीच.

‘तमोहर’ म्हणजे तो हिंदी सुपरहिरोचा सिनेमा, ज्याचे आतापर्यंत चार भाग आले. त्यात एक साधा पोस्टमन असतो आणि त्याला दुसऱ्यावर आलेला काळोख स्वतःच्या अंगात ओढून घेता येतो. खलनायक शहरावर काळोख सोडतो, हा तो पिऊन टाकतो, आणि दर वेळी त्याची स्वतःची नजर थोडी अधू होते. मध्ये तो पडतो, भरपूर मार खातो आणि शेवटी उठतो. पहिला भाग आला तेव्हा आम्ही सतरा वर्षांचे होतो, आणि पडद्यावर तो उठला की आम्हीही खुर्चीवरून उठायचो. चौथा भाग यंदाच्या मार्चमध्ये आला. आता आम्ही अठ्ठावीसचे आहोत, आणि चारांचे तीन आहोत.

आम्ही चौघं म्हणजे झाशीतली मराठी मुलं. माझे आणि मुकुलचे पूर्वज इथे नेमके कधी आले ते आता आमच्या घरांतही कोणाला सांगता येत नाही. मुकुलचे लोक आधी झाशी जिल्ह्यातल्याच गुरसरायला होते, मग त्याच्या आजोबांनी शहरात, प्रेम नगरात घर बांधलं. अंबरीशचे वडील नाशिकहून आणि कश्मिराचे नागपूरहून सरकारी कारखान्यात इंजिनीयर म्हणून आले आणि इथेच राहिले. लहानपणी गणपतीत मोठ्यांनी आम्हाला पकडून एका रांगेत आरत्या म्हणायला उभं केलं, तेव्हापासूनची ही ओळख. आरत्या सुटल्या, सिनेमा राहिला.

पहिल्या भागाच्या वेळी थिएटरच्या पायऱ्या उतरतानाच आमची इतकी भांडणं झाली की कोणाला मुळात काय वाटलं होतं तेच कोणाला आठवेना. म्हणून मी ठरवलं की सिनेमा संपला की कोणाशी एक अक्षर न बोलता बाजूला जायचं आणि आपल्याला काय वाटलं ते फोनवर रेकॉर्ड करायचं. तेही मराठीत, म्हणजे पुढे चहाच्या टपरीवर बसून आम्ही शेवट ऐकला तरी बाजूच्या बाकड्यावरच्या भैयांचा सिनेमा खराब होणार नाही. या मराठीच्या नियमावर मुकुलची आई, सिंधूकाकू, फार खूश होत्या. मुकुलला मराठी कळायची सगळी, पण बोलायला गेला की तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरायचा. सिनेमाच्या निमित्तानं तरी तो आईला शब्द विचारायला स्वयंपाकघरात यायचा.

दुसऱ्या भागापासून मौन सुरू झालं. चौघांना एकत्र जायला जमेनासं झालं होतं, आणि अंबरीशनं फोनवर सहज गप्पा मारता मारता कश्मिराला शेवट सांगून टाकला होता. मग मी फर्मान काढलं. चौघांचा बघून होईपर्यंत कोणी कोणाला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, रेकॉर्डिंग आपल्याजवळ ठेवायचं. ग्रुपवर फक्त ‘झाला’ एवढा एक शब्द टाकायचा. चार ‘झाला’ जमले की आमच्या गच्चीवर बसायचं, कचोऱ्या मागवायच्या आणि एकेकाचं रेकॉर्डिंग ऐकायचं. मग हवं तेवढं भांडायचं. ते भांडण आम्हाला सिनेमापेक्षा प्रिय होतं.

चौथा भाग होळीनंतरच्या शुक्रवारी लागला. मी विमा कंपनीत आहे, त्यामुळे मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे रविवारीसुद्धा सुटका नसते. अंबरीश आणि कश्मिरा यांनी पहिल्याच शनिवार-रविवारी बघून टाकला. मी राहिले. पुढचे दहा-बारा दिवस मी कानात बोळे घालून वावरल्यासारखी वावरले. ऑफिसातल्या श्रीकृष्णजींनी “मॅडम, एंड में तो” इतकंच म्हटलं, तर मी फाइल टेबलावर आपटून निघून गेले. तिकीट काढून ठेवलं होतं, शनिवारचं, संध्याकाळच्या खेळाचं.

त्याच्या आधीच्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि फोन वाजला. ग्रुपवर मुकुलची व्हॉइस नोट होती, चार मिनिटं बारा सेकंदांची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बारा दिवस मी जीव मुठीत धरून शेवट टाळतेय आणि हा दुपारच्या खेळातून बाहेर पडून उत्साहाच्या भरात सगळ्यांसमोर ओकून मोकळा होतोय, असं मला वाटलं. नोटच्या खाली आवाजाच्या उभ्या रेघा दिसतात ना, त्या मधूनमधून अगदी सपाट होत्या. हा मराठी शब्द शोधत थांबला असणार, हेही माझ्या मनात आलं, आणि मला त्याचंही हसू आलं नाही. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो. मी पुसला.

मग वर लिहिलं, “मौन म्हणजे मौन. माझा बाकी आहे माहीत आहे ना? तीन दिवस थांबता येत नाही तुला?”

दोन-तीन मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. “सॉरी आभा. तू आरामात बघ.”

मी त्यावर काही लिहिलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं होतं, त्यावरून मनातल्या मनात आईवर चिडत मी जेवले. कश्मिरा कँटोन्मेंटमधल्या शाळेत शिकवते, ती तीन वाजता सुटली. पुसलेल्या नोटची खूण बघून तिनं एक हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, “बिचाऱ्याच्या पोटात राहीना वाटतं.” अंबरीश कारखान्यात पाळीवर होता, त्यानं संध्याकाळी बघितलं. मौनाच्या दिवसांत ग्रुपवरचं काही आपोआप फोनमध्ये उतरू नये अशी सेटिंग मीच सगळ्यांना करायला लावली होती. त्यामुळे ती नोट कोणाच्याही फोनमध्ये उतरली नाही.

शुक्रवारी सकाळी मुकुल गेला. स्वतःहून गेला. कसा ते मी सांगणार नाही. ते गावभर चवीनं सांगून झालंय.

चिठ्ठी नव्हती. फोन त्यानं आदल्या दिवशी पूर्ण कोरा करून टेबलावर ठेवला होता. नोकरी शाबूत होती, तब्येत चांगली होती, कोणाशी भांडण नव्हतं. लोकांनी एखाद्या मुलीचं नाव शोधायचाही प्रयत्न केला, ती सापडली नाही. तेराव्याला आलेली माणसं जिलबीकडे बघत एकमेकांना विचारत होती, काय कमी होतं मुलाला. मी पाणी वाढत होते. माझ्या मनात एकच गोष्ट गरगरत होती, की तो जगात शेवटचं जे काही सलग बोलला ते चार मिनिटं बारा सेकंद होतं, ते आमच्यासाठी होतं, आणि ते मी न ऐकता पुसलं.

“सिनेमाचंच असणार गं,” कश्मिरा म्हणायची. “और क्या बोलेगा वो ग्रुपवर? इतकी वर्षं आपण दुसरं काय बोललोय?”

यावर मी लटकून होते. सिनेमाचंच असणार. तो दुपारच्या खेळाला गेला असणार, शेवट बघून त्याला राहवलं नसणार. तसं असेल तर मी फक्त एका मित्रावर नियमावरून डाफरले, आणि तेवढं मला आयुष्यभर सोसता आलं असतं. दुसरं काही असेल तर मात्र सोसता येणार नव्हतं. रोज सकाळी दात घासताना मी स्वतःला सांगायचे, सिनेमाचंच होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी आम्ही तिघं अंबरीशच्या गाडीत बसून कँटोन्मेंटच्या रस्त्यावर गेलो. तिथे झाडं आहेत, वर्दळ नाही, आणि गाडी उभी केली तर कोणी बघत नाही. जुनी रेकॉर्डिंगं सगळी माझ्याकडे जपलेली होती. मी मुकुलची लावली.

पहिल्या भागाची सहा मिनिटांची होती. धापा टाकत बोलत होता. मागे स्कूटरचे हॉर्न, आणि हा सांगतोय, “तो जब उठला ना, माझ्या अंगावर, ते काय म्हणतात, रोंगटे, काटा, काटा आला. मला समजमध्येच नाही आलं की मी रडतोय. बाजूवाले अंकलनी पॉपकॉर्न दिलं मला.” कश्मिरा हसली आणि हसता हसता खिडकीकडे वळली. दुसऱ्या भागाचं जरा सावकाश होतं. त्या भागात तमोहरचा भाऊ त्याला दगा देतो. मुकुलचं म्हणणं होतं की भावानं मारलं त्यापेक्षा भावानं काहीच विचारलं नाही हे जास्त वाईट आहे.

“ये बात गलत थी उसकी,” अंबरीश एकदम म्हणाला. “भाऊ विचारतो. पुलावरच्या सीनमध्ये विचारतो ना, तू कैसा है म्हणून. मी तेव्हापण त्याला सांगितलं होतं.”

“तू आत्ता हे बोलणार आहेस?” कश्मिरा म्हणाली.

“मी फक्त सांगतोय की विचारतो.”

“अंबरीश, बस कर.”

त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला त्याचा राग आला नाही, कारण पुलावरच्या सीनबद्दल माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. तिसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग जेमतेम पाऊण मिनिटाचं होतं. ‘ठीकठाक’ असं काहीतरी म्हणाला होता आणि त्यावरून आम्ही त्याची भरपूर टर उडवली होती, इतकं मला आठवत होतं. ते लावायची कोणाची इच्छा राहिली नाही. आम्ही घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच जाऊन चौथा भाग बघून आले. मला सिनेमा बघायचा नव्हता. मुकुल कशाबद्दल बोलला असेल ते शोधायचं होतं. प्रत्येक प्रसंगाला मी मनात म्हणत होते, इथे तो असं म्हणाला असता, इथे शब्द अडला असता, इथे हिंदीत गेला असता. चार मिनिटं बारा सेकंद भरतील इतकं मी त्याच्या वतीनं जमवलं. शेवटी तमोहर पूर्ण आंधळा होऊन एका कोरड्या विहिरीत पडतो आणि या वेळी उठत नाही. मग ज्या ज्या लोकांचा काळोख त्यानं घेतला होता ते सगळे येतात, दोर सोडतात, त्याला नाव घेऊन हाका मारतात. अख्खं गाव धावून येतं. थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या, माझ्या पुढच्या रांगेतली मुलं खुर्च्यांवर चढली. मला मात्र असा संताप आला की हातातली पाण्याची बाटली पडद्यावर फेकावीशी वाटली. त्या लिहिणाऱ्याला काय जातंय गाव धावून आणायला?

बाहेर येऊन सवयीनं मी कोपऱ्यात गेले आणि फोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. काही बोलले नाही. मग बंद केलं.

एप्रिल संपता संपता, ऊन तापायला लागलं तेव्हा, एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सिंधूकाकू आमच्या दारात आल्या. ई-रिक्षा करून एकट्याच आल्या होत्या. महिनाभरात त्यांचा चेहरा इतका बारीक झाला होता की आईनं आधी ओळखलंच नाही. आई पन्हं करायला आत गेली आणि काकू माझ्यासमोर पलंगाच्या कडेला बसल्या.

“आभा बेटा, एक विचारायचं होतं. कामाच्या दिवशी नको म्हणून आज आले.”

“बोला ना काकू.”

“त्या बुधवारी तो खोलीत बोलत होता. दार बंद होतं. फोनात बोलत होता, आणि मराठीत, म्हणजे तुमच्याशीच. आणखी कोणाशी बोलेल मराठीत.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या सांगत होत्या. “पंधरा-वीस दिवस तो गप्प गप्पच होता गं. मी म्हटलं होतं, आज विचारायचंच. विचारायला म्हणून जिन्यानं वर गेले. तर आतून आवाज आला, बोलतोय. मला इतकं हलकं वाटलं काय सांगू. म्हटलं चला, दोस्तांना सांगतोय. आईला नाही सांगितलं तरी चालेल. मग नाही विचारलं. खाली येऊन भाजी चिरायला बसले.”

मी घाईनं म्हणाले, “काकू, ते सिनेमाबद्दल होतं. आमचं असतं ना, सिनेमा बघितला की बोलायचं. तो त्या दिवशी सिनेमा बघून आला होता.”

“कौन सा सिनेमा, बेटा? तो कुठे गेला सिनेमाला. त्या दिवशी रजा टाकून घरीच होता. त्याच्या आधीही ऑफिसातून सीधा घरी यायचा आणि वर जायचा. मीच म्हटलं होतं एकदा, तुमचा तो पिक्चर लागलाय, जा ना. तर म्हणाला, मन नाही.”

मी फोन काढला आणि ग्रुप उघडला. मार्चपर्यंत मागे गेले. अंबरीशचा ‘झाला’ होता, शनिवारचा. कश्मिराचा रविवारचा. त्यानंतर थेट ती पुसलेली नोट, त्याखाली माझा दम आणि त्याचं ‘सॉरी’. मुकुलचा ‘झाला’ नव्हताच. दुसऱ्या भागापासून मी ते ‘झाला’ मोजत आले होते, एक कमी पडला तर ओरडत आले होते, आणि त्या बुधवारी मी मोजले नाहीत.

“त्या दिवशी सकाळी मी धिरडी घालत होते,” काकू पुढे म्हणाल्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “तर दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, आई, एखाद्या गोष्टीनं मन एकदम ऊब जाए, त्याला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं, कंटाळा. म्हणाला, कंटाळा नको, त्याच्याहून मोठं पाहिजे. मी म्हटलं, मग उबग म्हण. उबग आला. दोनदा म्हणून बघितलं त्यानं. मी विचारलं, पिक्चरसाठी का रे? तर हसला. म्हणाला, हो. मी त्याच्या ताटात आणखी एक धिरडं घातलं.”

आतून आईच्या पन्ह्याच्या ग्लासांचा आवाज येत होता.

“मला रोज वाटतं की विचारून यावं. तो काय बोलला ते सगळं नको सांगू, तुम्हा दोस्तांचं तुमच्यात. एवढंच सांग, तो शब्द त्यानं कशाबद्दल म्हटला?”

मी खोटं बोलू शकले असते. सिनेमागृहात बसून मी त्याच्या वतीनं चार मिनिटं बारा सेकंद जमवून ठेवलीच होती. पण काकूंच्या डोळ्यांकडे बघून ते जमलं नाही.

“मी ऐकलं नाही, काकू. कोणीच ऐकलं नाही. मी पुसून टाकलं.”

“पुसून म्हणजे?”

मग मला त्यांना नियम समजावून सांगावा लागला. मौन म्हणजे काय, ‘झाला’ म्हणजे काय, माझा सिनेमा बघायचा राहिला होता आणि शेवट कळला असता म्हणून मी सगळ्यांच्या फोनमधून ते काढलं, हे सगळं मी एका आईला सांगत होते. आयुष्यात इतकं लाजिरवाणं मी काही बोललेले नाही. बोलता बोलता मी रडायला लागले. मला माझीच किळस आली, कारण रडायचा हक्क समोर बसलेल्या बाईचा होता आणि ती रडत नव्हती.

काकूंनी मला गप्प केलं नाही आणि दोषही दिला नाही. आईनं आणून ठेवलेलं पन्हं त्यांनी अर्धं प्यायलं.

“मतलब मी समजले तुम्ही ऐकताय,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि तुम्ही समजलात पिक्चर आहे.”

मी मान हलवली.

“त्याचं दुसरं काही आहे का तुझ्याकडे? आवाज? आमच्याकडे काहीच नाही. फोन कोरा आहे.”

मी जुनी रेकॉर्डिंगं लावली. पहिल्या भागाचं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पॉपकॉर्न देणाऱ्या अंकलपाशी त्यांच्या ओठांना जरासं हसू आलं. दुसरं ऐकलं. मग मी तिसरं लावलं. चार वर्षांपूर्वी गच्चीवर ऐकल्यानंतर मीही ते ऐकलं नव्हतं.

“तिसरा भाग. ठीकठाक आहे,” मुकुल म्हणाला. मागे हॉर्न नव्हते, काहीच नव्हतं. “म्हणजे, पहिल्यात तो उठायचा ना, तेव्हा मीपण उठायचो. आता तो पडला, तर मला वाटलं, पडा रहने दो यार. पडून राहू दे त्याला. रोज रोज कशाला उठायचं. तो बहुत थकलाय, दिसतंय ना. कोणाला दिसत नाही का? … बस. मला एवढंच वाटलं.”

काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

“हे तर ऐकलं होतंत ना तुम्ही?”

“हो.”

“तिघांनी?”

“तिघांनी. इथेच, वर गच्चीवर.”

“मग काय म्हणालात त्याला?”

मला स्वच्छ आठवलं. कचोऱ्यांचा कागद मध्ये पसरलेला होता. अंबरीश म्हणाला होता की मध्यंतरानंतर सिनेमा लांबला हे खरं आहे. कश्मिरा म्हणाली होती की लांबला नाही. मी हात पुसत निकाल दिला होता, आणि सगळे हसले होते, मुकुलही हसला होता.

“मी म्हटलं, तुला सेकंड हाफ कळलाच नाही मुकुल. परत जाऊन बघ.”

काकूंनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला.

“गेला होता,” त्या म्हणाल्या. “दोनदा बघून आला. मी विचारलं, परत कशाला रे? म्हणाला, आभा म्हणते माझंच काहीतरी चुकतंय.”